खजुराच्या गुळाची पोळी

उज्ज्वलाकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं तेव्हा ती आमच्या वाचनालयातल्या कुमार विभागाच्या कपाटासमोर उभी राहून वाचत होती. एकोणीसशे एकोणसत्तर सालातला रविवार होता. कलकत्त्याला भवानीपूरमधल्या एका घराच्या तळमजल्यावर आमची मराठी वाचक सभा भरायची आणि तिथलं पुस्तकं देण्याघेण्याचं काम मी पाहत असे. आठवडाभर शाळेत मुलींना शिकवून झालं की रविवारी हे. तर ही पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई एक पान उघडून त्यावर बोट फिरवत होती. मग तिने पर्समधून रेल्वेचं जुनं तिकीट काढलं आणि त्याच्या पाठीमागे बारीक अक्षरात काहीतरी उतरवून घेतलं. मी वाकून पाहिलं तर लिहिलं होतं, 'रवा दोन वाट्या, केळं एक, आधी तुपात.'

मी विचारलं, "मुलगा केवढा आहे तुमचा?"

तिने पुस्तक मिटलं. "मूल नाही. मलाच हवंय."

इतकी वर्षं शाळेत काढून असा प्रश्न मी विचारावा याची मला लाज वाटली. तिने मात्र ते मनावर घेतलं नाही. बराकपूरला राहतो, यजमान भालचंद्र फोर्ट विल्यममध्ये मुलकी नोकरीत आहेत, लग्नानंतर इंदूरहून इथे आले, असं तिने सांगितलं. सभासद क्रमांक एक्याऐंशी. त्यानंतर ती दर रविवारी गाडीने सियालदहला आणि तिथून बसने भवानीपूरला यायची, एक-दोन पुस्तकं न्यायची आणि पुढच्या रविवारी वाचून परत आणायची.

ती नेहमी कुमारांच्याच कादंबऱ्या नेई. जंगलातल्या बंगल्यात सुट्टी घालवणारी भावंडं, वसतिगृहातल्या मुली, गलबतावरून पळालेला मुलगा, असल्या. एकदा मी एक गाजलेली मोठ्यांची कादंबरी तिच्यापुढे ठेवली. आठवड्याने ती परत आली.

"कशी वाटली?"

"चांगली आहे हो, पण यातली माणसं जेवतच नाहीत. लेखक 'जेवणं आटोपली' म्हणतो आणि पुढे जातो. काय जेवली ते सांगायला नको? मुलांच्या पुस्तकात बघा, तीन दगडांची चूल मांडली की कांदा कसा चिरला इथपासून सगळं असतं."

हे इतकं खरं होतं की इतक्या वर्षांत आपल्या ध्यानात कसं आलं नाही याचं मला नवल वाटलं.

पुस्तकात वाचलेलं ती घरी करून बघायची. गलबतावरच्या मुलाने केळीच्या पानात भाजलेला मासा तिने स्टोव्हवर तवा ठेवून केला. वसतिगृहातल्या मुलींचा चोरून केलेला शिरा केला. तिने हुरडा कधी पाहिलाही नव्हता, म्हणून हिरव्या मटारावर प्रयोग केला आणि तो फसला. फसलेलं सगळं भालचंद्रराव दुधात बुडवून खात. ते अबोल गृहस्थ होते. एकदा मला म्हणाले, "सुनीतीताई, सरकारी नोकरीत मी याहून वाईट गिळलंय."

ही पुस्तकं ती का वाचते याचे लोक तर्क करत. मला तिच्याबद्दल एक गोष्ट माहीत होती, सभेत तेव्हा इतर कोणाला नव्हती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिचं सात महिन्यांचं मूल पोटातच गेलं होतं आणि त्यानंतर डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितली होती. हे तिने मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी फाटक्या पुस्तकांना कागद चिकटवत होतो. सांगून झाल्यावर म्हणाली, "खळ संपली." तो विषय तिने पुन्हा काढला नाही आणि मीही नाही.

आता श्यामरावांबद्दल. ते सभेचे सेक्रेटरी. साताऱ्याचे, एस्प्लनेडच्या एका विमा कचेरीत अधिकारी, कलकत्त्यात वीस वर्षं काढलेले. कामसू माणूस, हिशेबाला चोख, आणि सभा त्यांच्याच जिवावर उभी होती हे नाकारता येणार नाही. पण त्यांना दोन खोडी होत्या. एक म्हणजे कुठलीही गोष्ट सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवायची. दुसरी म्हणजे 'अस्सल'. पदार्थ अस्सल आहे की नाही हे आपली जीभ सांगते, असं ते म्हणत. इथल्या मोहरीच्या तेलाला, मिठायांना, खजुराच्या गुळाला नावं ठेवत. "त्या गुळाला धुराचा वास येतो. आमच्या घरात तो गूळ येत नाही." त्यांच्या सरोजवहिनी दरवर्षी साताऱ्याहून गुळाची ढेप मागवत, आणि तरीही पोळी आईसारखी होत नाही, हे श्यामराव पाहुण्यांसमोर सांगत. वहिनी पदराने कपाळ पुसत आणि पुन्हा वाढायला लागत.

सत्तर सालच्या ऑक्टोबरमध्ये वार्षिक सभा होती. दिवस नक्षलवादी धामधुमीचे, वाईट होते. संध्याकाळी कोणी बाहेर राहायला तयार नसे, म्हणून आम्ही दुपारी दोनलाच सभा घेत असू. आठवडाभर आधी श्यामराव म्हणाले, "सुनीतीबाई, कुमार विभागाचे आकडे द्या. कोणी किती नेली." मी वहीतून उतरवून दिले. कशाला हवेत, हे मी विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं.

सभेला साठेक माणसं होती. अहवाल वाचता वाचता श्यामराव कुमार विभागावर आले आणि त्यांनी चष्मा सारखा केला.

"कुमार विभागातून वर्षात एकशे अठरा वेळा पुस्तकं दिली गेली. त्यातली बासष्ट वेळा सभासद क्रमांक एक्याऐंशी यांनी नेली." ते पुढे वाचू लागले, "घरात मूल नाही. तेव्हा ही पुस्तकं वाचतं कोण, असा प्रश्न कार्यकारिणीला पडतो."

हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणालं, "भालचंद्रराव वाचत असतील, चित्रं बघून." आणखी हशा. श्यामरावही हसले. मग त्यांनी ठराव मांडला की यापुढे ज्यांच्या घरात अठरा वर्षांखालील मूल आहे त्यांनीच कुमार विभागातली पुस्तकं न्यावीत. हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. माझा हात वर गेला नाही, पण मी उभीही राहिले नाही.

उज्ज्वला तिसऱ्या रांगेत होती. ती रडली नाही. सभा संपल्यावर माझ्याजवळ आली, पिशवीतलं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "हे परत घ्या. आकडे बरोबर होते. तुम्ही दिलेत ना?"

मी हो म्हणाले.

"मोठ्याने वाचायचं, साठ माणसांसमोर," ती म्हणाली. "तसंच पाहिजे."

त्या वेळी मला अर्थ लागला नाही.

आमच्याकडे संक्रांतीच्या सुमाराला बायकांची पाककला स्पर्धा असे. तिची एक रीत होती. स्पर्धक पदार्थाबरोबर साहित्य आणि कृती एका चिठ्ठीवर लिहून बंद पाकिटात देई. पाकिटावर नुसता नंबर असे. परीक्षक आधी चव घेऊन पहिला नंबर ठरवत, आणि मग ते पाकीट सर्वांसमोर फोडून चिठ्ठी अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवत, म्हणजे घरोघरी लिहून घेता यावी. ही रीत श्यामरावांनीच घातली होती, आणि परीक्षकही दरवर्षी तेच. त्या वर्षीचा विषय जाहीर झाला: गूळपोळी.

डिसेंबरमध्ये मी बराकपूरला गेले. तिची माफी मागायची असं ठरवून गेले होते. दार उघडलं तर घरभर जळक्या गुळाचा वास. ओट्यावर सात-आठ पोळ्या, सगळ्यांच्या कडा फुटलेल्या. स्टोव्हशेजारी पाटाळीच्या दोन ढेपा होत्या. पाटाळी म्हणजे खजुराच्या रसाचा घट्ट गूळ, हिवाळ्यात तिकडे दारोदार मिळतो.

"उसाच्या गुळापेक्षा हा लवकर पाघळतो," ती म्हणाली. "तव्यावर टाकला की बाहेर पळतो. बेसन वाढवून बघते आहे."

"उज्ज्वला, हा गूळ श्यामरावांपुढे ठेवणार?"

"हो."

"ते ओळखतील."

"नाही ओळखणार. मी चौकशी केली आहे." तिने हात धुतले आणि बोटं मोजत सांगायला लागली. "सरोजवहिनींना बाजारात भेटले. पहिलं, वीस वर्षांत श्यामरावांनी हा गूळ तोंडात घातलेला नाही. नुसता वास घेऊन परत पाठवला, एकदाच. दुसरं, जायफळ आणि भाजलेली खसखस पडली की तो वास दबतो. आणि तिसरं, त्यांची आई गुळात घालायचे तीळ जरा जास्त भाजायची, करपायच्या बेतात येईपर्यंत. वहिनींना हे माहीत आहे. त्या घाबरून तसं करत नाहीत."

"वहिनींनी तुला हे सांगितलं?"

"मी विचारलं, त्यांनी सांगितलं. कशाला विचारते, हे त्यांनी नाही विचारलं."

पुस्तकांतली मुलं चोराचा माग काढतात तशी ती बोलत होती, फक्त हिच्या बोलण्यात खेळ नव्हता. मी म्हणाले, "आणि त्यांनी पहिला नंबर दिला तर? समाधान होईल?"

"ते अस्सल म्हणाले पाहिजेत. सगळ्यांसमोर. मग पुढचं पाकीट करील."

मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली. "तुमचं वेगळं आहे," म्हणाली, आणि फुटलेली एक पोळी मला दुधाबरोबर वाढली. वेगळं म्हणजे माफ केलं की अजून विचार चालू आहे, ते मला कळलं नाही.

महिनाभर ती त्या पोळीमागे लागली होती. पातळ लाटली की फुटायची, जाड ठेवली की भाकरीसारखी व्हायची. शेवटी तिने गूळ किसून, तेलात खमंग भाजलेलं बेसन, तीळ आणि खसखशीची पूड घालून मळला आणि एक दिवस मुरायला ठेवला. पारीची कणीक नेहमीपेक्षा थोडी घट्ट भिजवली, तवा मंद ठेवला. संक्रांतीच्या चार दिवस आधी भालचंद्ररावांनी पोळी हातात धरली, दोन्हीकडून पाहिली आणि कोरडीच खाल्ली. दूध मागितलं नाही. तेव्हा तिला कळलं की जमली.

स्पर्धेच्या दिवशी ताटं आणि पाकिटं गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. उज्ज्वलाने पाकीट माझ्या हातात दिलं. "नीट ठेवा ताई. ते आकडे तुमच्या हातून गेले होते. हेही तुमच्याच हातून जाऊ दे."

मी त्या पाकिटावर नऊ नंबर घातला. आत काय असेल याचा अंदाज मला होता, पूर्ण नव्हता. श्यामरावांना बाजूला घेऊन दोन शब्द सांगता आले असते. मी सांगितले नाहीत. हे मी कुणाच्या भरीला पडून केलं नाही, समजून उमजून केलं.

चौदा पोळ्या होत्या. श्यामराव प्रत्येकीचा तुकडा मोडत, वास घेत, डोळे मिटून चघळत, पाण्याची चूळ भरत आणि पुढे जात. "तीळ कच्चे." "गूळ मध्येच राहिला." "ही पोळी आहे की पुरी?" लोक हसत होते. नवव्या ताटाशी ते थांबले. आणखी एक तुकडा मोडला, मग अख्खी पोळी संपवली. त्यांनी रुमाल काढून डोळे टिपले, आणि ते खोटं नव्हतं.

"मंडळी," ते म्हणाले, "वीस वर्षांनी मी आज आईच्या हातची पोळी खाल्ली. गूळ कडेपर्यंत. आणि गूळ कुठला, हे मी सांगू शकतो. हा आमच्याकडचा, कृष्णाकाठचा आहे. कलकत्त्यात बसून हे ज्यांनी केलं त्यांनी माणसं पाठवून गूळ आणवला असणार. याला म्हणतात अस्सल."

टाळ्या वाजल्या. मी नवव्या नंबरचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते फोडलं, चष्मा सारखा केला, आणि अहवाल वाचायचे त्याच खड्या आवाजात सुरुवात केली.

"गूळपोळी. साहित्य: कणीक, मैदा, बेसन, तीळ, खसखस, जायफळ. गूळ, खजुराच्या रसाचा, यंदाचा, बराकपूरच्या बाजारातला." ते थांबले.

कोणी हसलं नाही. मग मागून एकजण म्हणाला, "पुढे वाचा, सेक्रेटरी."

श्यामरावांनी शेवटपर्यंत डोळ्यांनी वाचून घेतलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं. ते चिठ्ठीची घडी घालू लागले.

पहिल्या रांगेतून सरोजवहिनी म्हणाल्या, "वाचा ना. सगळी वाचायची असा नियम आहे. तुमचाच आहे."

त्यांनी घडी उलगडली. आवाज आता खाली आला होता, पण खोली इतकी शांत होती की शब्द न् शब्द ऐकू आला.

"कृती: आपल्याच वाचनालयाच्या कुमार विभागातलं पुस्तक क्रमांक एकशे सत्तेचाळीस, पान बासष्ट. वसतिगृहातली स्वैपाकीणबाई एका मुलीला शिकवते ती. हे पुस्तक मी चार वेळा नेलं होतं, त्यामुळे पाठ आहे. आता ते मला नेता येत नाही. घरात मूल नाही, म्हणून प्रयोगांना वेळ भरपूर मिळाला. सभासद क्रमांक एक्याऐंशी."

त्यांनी चिठ्ठी खिशात घातली. मग चिठ्ठ्या सभेच्या मालकीच्या असतात हे आठवून पुन्हा बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा होता. उज्ज्वला पुढे आली, घाई न करता. डबा घेताना तिने विचारलं.

"पोळी आवडली ना?"

"आवडली," श्यामराव म्हणाले.

"मग झालं."

ऑक्टोबरमध्ये हसलेली माणसं त्या दिवशी चपला शोधण्यात फार वेळ घालवत होती. भालचंद्रराव दाराशी उभे राहून प्रत्येकाला नमस्कार करत होते, एकालाही चुकवलं नाही. परतीच्या बसपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. उज्ज्वलाच्या चेहऱ्यावर मला आनंद शोधून सापडला नाही. तीन महिने भुकेलं माणूस पोटभर जेवल्यावर दिसतं तशी ती दिसत होती, जरा सुस्त.

फेब्रुवारीत कार्यकारिणीने तो ठराव मागे घेतला. तसं पत्र मीच लिहिलं आणि स्वतः बराकपूरला नेऊन दिलं. तिने वाचलं आणि त्याच पत्राच्या पाठीवर सभासदत्वाचा राजीनामा लिहून माझ्या हातात ठेवला.

"अगं, आता तर तुझंच कपाट आहे," मी म्हणाले.

"मला कपाट नको होतं. त्यांचा आवाज बसलेला हवा होता, तो बसला."

"आणि पुस्तकं?"

"बंगाली शिकले ना मी. कॉलेज स्ट्रीटला जुनी ढिगाने मिळतात. मुलांचीच. शेजारच्या शकुनला विचारून अडलेला शब्द लावते. आणि यांची मुलं तर आपल्यापेक्षाही जास्त खातात."

श्यामराव पुन्हा परीक्षक झाले नाहीत. सेक्रेटरीपद मात्र त्यांनी निवृत्तीपर्यंत सांभाळलं, आणि अहवाल छापून वाटू लागले. त्र्याहत्तर साली ते साताऱ्याला जायला निघाले. सामान बांधून झालं होतं. वाचनालयात येऊन माझ्यासमोर बसले, बराच वेळ टेबलावरचा धागा गुंडाळत होते. म्हणाले, "सुनीतीबाई, त्या एक्याऐंशी नंबरच्या बाईंचं... मला नंतर सरोजकडून कळलं. मुलाचं. मला माहीत असतं तर मी ते वाक्य घातलं नसतं. जाण्याआधी बराकपूरला जाऊन माफी मागावी म्हणतो. तुम्ही विचाराल का त्यांना?"

मी विचारलं. ती तेव्हा पडवळ चिरत होती. सुरी थांबली नाही.

"नको म्हणावं. त्यांनी मागितली तर मला द्यावी लागेल."

"माहीत नव्हतं त्यांना, उज्ज्वला."

"माहीत नसताना बोलले, हेच तर. माहीत असून बोलले असते तर निदान शत्रू तरी म्हटलं असतं." मग पडवळ पातेल्यात सारत, "सरोजवहिनींना मात्र सांगा, जाण्याआधी जेवायला या. एकट्या."

वहिनी गेल्या. काय बोलणं झालं ते दोघींनीही मला सांगितलं नाही. श्यामरावांना मी काय उत्तर दिलं ते आता लिहायला हरकत नाही. मी सांगितलं की उज्ज्वला माहेरी गेली आहे. त्यांनी मान डोलावली. इंदूरहून परत यायला माणसाला किती दिवस लागतात याचा हिशेब त्यांच्यासारख्या माणसाला कठीण नव्हता, पण त्यांनी तो मांडला नाही.

पुढे किती वर्षांनी कोण जाणे, मी तिला एकदा सरळच विचारलं, इतकं करून तुला बरं वाटलं का. माझ्या मनात शिक्षिकेचं एक उत्तर तयार होतं, की सूडाने शेवटी हाती काही लागत नाही. उज्ज्वलाने विचार करून उत्तर दिलं.

"हो. अजून वाटतं. कधी झोप लागत नसली की त्यांचं ते 'बराकपूरच्या बाजारातला' आठवतं."

मी माझं उत्तर तिला ऐकवलं नाही. तीस वर्षं मुलींना क्षमेवर निबंध लिहायला लावले, त्यातला एकही इतका खरा नव्हता.

श्यामराव चौऱ्याऐंशी साली वारले. सभा आता महिन्यातून एकदाच भरते. उज्ज्वलाला यंदा पंचावन्न पूर्ण होतील. भालचंद्रराव निवृत्त झाले आहेत, दोघं बराकपूरलाच राहतात, आणि आमच्या सभेची ती सभासद नाही.